चिंध्यांचा हिशोब

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यामुळे इकडे फिरकणं झालं नाही. आता ती ठणठणीत आहे. चष्म्याशिवाय कॅलेंडरवरची चतुर्थी वाचते आणि आम्हाला ऐकवते.

तर झालं असं, की परवा न्यू जर्सीहून भाचीने एक फोटो पाठवला. नव्या घरात दाराशी टाकायला तिने एक गोल, रंगीबेरंगी गालिचा घेतला. चिंध्यांच्या पट्ट्या क्रोशाने विणून केलेला. दुकानातली चिठ्ठीही फोटोत दिसत होती: 'चिंदी रग', हाताने विणलेला, भारतात बनवलेला, अडतीस डॉलर. मी फोन आईच्या पुढ्यात धरला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला आणि म्हणाली, "कडेला घर चुकलंय. आणि पायपुसण्याला एवढं पैसं?"

हसू आलं, पण नंतर रात्रभर ते पायपुसणं डोक्यातून जाईना. कारण १९८२ ते १९८३ या काळात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत अशी पायपुसणी ढिगाने पडलेली असत. ती विकायला मी जात असे. आणि मला त्यांची भयंकर लाज वाटत असे.

आता वयाची पन्नाशी ओलांडल्यावर त्या लाजेचा इतिहास शोधावा असं वाटलं. जे सापडलं ते इथे लिहितो. ताई, तू वाचशीलच. काही चुकलं तर फोन करून सांग, चारचौघांत कॉमेंट नको :-)

जुन्या कपड्याचं पायपुसणं करायची कल्पना किती जुनी असावी? माझा अंदाज होता आजीपर्यंत, फार तर पणजीपर्यंत. पण पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात, एक गोष्ट आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भिक्खू आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली, हा एवढ्या कापडाचं करणार काय? दुकान मांडणार की काय? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना वाटीन. मग त्यांच्या जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला. त्या जुन्या अंथरुणांचं? पायपुसणी. आणि पायपुसणी फाटली की? धूळ झटकायची फडकी. आणि तीही संपली की? त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

गंमत म्हणजे मूळ पालीत पायपुसण्यासाठी जो शब्द आहे तो 'पादपुञ्छनी'. म्हणजे आपलं पायपुसणं ते हेच! शब्द झिजला, वस्तू तशीच राहिली.

आपल्याकडेही हा क्रम काही वेगळा नव्हता. लुगडं विरलं की त्याची वाकळ किंवा गोधडी, गोधडी फाटली की बाळाची दुपटी, मग पोतेरं. मधेच कुठेतरी बोहारीण यायची आणि जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं देऊन जायची. गाडगेबाबा (१८७६-१९५६) तर चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊनच गावोगाव झाडू मारत फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज आणि चिंधेबुवाही म्हणत. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली ही गोष्ट तर आपण सगळे आजीच्या मांडीवर ऐकलेले. थोडक्यात काय, चिंधीला आपल्या संस्कृतीत मान आहे. मुंबईच्या बोलीत मात्र 'चिंधी' म्हणजे हलकं, कंजूष, फालतू. शाळेत मला तो दुसरा अर्थ आधी कळला.

क्रोशा मात्र आपला नव्हे. शब्द फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. याचे नमुने पहिल्यांदा छापले गेले ते १८२३ च्या सुमारास, 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकात. पण क्रोशा घराघरांत पोचला तो भुकेमुळे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. तेव्हा तिथल्या जोगिणींनी बायकांना क्रोशाची लेस करायला शिकवली. त्या लेसच्या पैशांवर कितीतरी कुटुंबं तगली. क्रोशाला लागतं काय? एक आकडा, धागा आणि दिव्याचा उजेड. माग नको, जागा नको, भांडवल नको. बाळ रडलं तर हातातलं तसंच खाली ठेवता येतं, परत आल्यावर एकच टाका सुटलेला असतो. माझ्या मते गरिबांच्या घरात क्रोशा टिकायचं खरं कारण हेच.

मिशनऱ्यांबरोबर एकोणिसाव्या शतकात तो आपल्या देशात आला. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी जिथे समुद्राजवळ पोचते, तिथे नरसापूर नावाचं गाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या बायका आजही क्रोशाची लेस करतात. २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं. नरसापूरची गोष्ट पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४१ च्या जूनपासून कपडे कूपनवर मिळू लागले, ते थेट १९४९ पर्यंत. सरकारने १९४३ साली जुनं दुरुस्त करून वापरा असं सांगणारी पुस्तिकाच काढली. त्याच १९४३ साली इथेही कापडावर सरकारी नियंत्रण आलं. दुष्काळ असो की युद्ध, चिंध्या बाहेर निघतात त्या अशा वेळी. आमच्या घरी त्या निघाल्या संपात.

बाबा परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. मागावरून उतरलेलं कापड रंगून, धुऊन त्यांच्या खात्यात यायचं, तपासलं जायचं, घड्या पडायच्या. डागाळलेला, विणीत चुकलेला भाग कापून बाजूला काढायचे. या तुकड्यांनाही दर्जा होता बरं का! मोठा तो फेंट, त्याहून लहान तो रॅग आणि सगळ्यात लहान ती चिंधी. एक्साइजच्या सरकारी कागदपत्रांत 'चिंडीज' अशी चक्क व्याख्या आहे: तेवीस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी लांबीचा तुकडा. म्हणजे जुनी वीतभर. आपला शब्द इंग्रजी कायद्यात गेला आणि तिथून भाचीच्या दारात.

गिरणीत अशा तुकड्यांचे गठ्ठे कामगारांना स्वस्तात मिळत. बाबा महिन्याला एखादा आणत. गोधडीला जरा मोठा तुकडा लागतो, वीतभर चिंधीची गोधडी म्हणजे जन्माचं काम. म्हणून आईने क्रोशा धरला. चाळीतल्या एका ख्रिस्ती शेजारणीकडून ती लग्नानंतर तोरणं आणि रुमाल शिकली होती. दोऱ्याऐवजी चिंधीची पट्टी आणि बारीक सुईऐवजी बाबांनी बाभळीच्या काठीचा घासून दिलेला जाड आकडा, एवढाच काय तो फरक.

कृती लिहून ठेवतो, कारण ती कुठेतरी लिहिलेली असावी. सुती कापड कात्रीने कापायचं नाही, फाडायचं. काठाला एक चीर द्यायची आणि टर्र करून ओढायचं, म्हणजे पट्टी धाग्याला धरून सरळ निघते. रुंदी साधारण तीन सेंटिमीटर. एका सहावारी साडीच्या लांबीच्या अशा सदतीस-अडतीस पट्ट्या निघतात, म्हणजे जोडून सुमारे दोनशे मीटर. जोडायला सुईदोरा नको. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना बारीक काज पाडायचं, एकातून दुसरी ओवायची आणि तिची शेपटी तिच्याच काजातून ओढून घ्यायची. गाठ बसते, पण टोचत नाही. मग नारळाएवढे गोळे करून ठेवायचे.

सुरुवातीला साखळी घालून तिचं कडं करायचं. कड्यात सहा मुके खांब. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवायचे. सहापेक्षा कमी वाढवले की पायपुसणं उठून टोपी होते, जास्त वाढवले की त्याला झालर सुटते. आई फक्त चौथी शिकलेली, पण हे सहाचं गणित तिने कधी चुकवलं नाही. पायांनाही कळतं म्हणायची, चुकलेलं पायपुसणं पायाखाली बसतच नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बोनस आणि १९४६ च्या कायद्याने एकाच युनियनला दिलेली मान्यता, हे मुद्दे होते. ज्या शहरात १८५० च्या दशकात पहिली कापड गिरणी निघाली, तिथले भोंगे एकदम गप्प झाले. मी दहा वर्षांचा होतो. मला सुरुवातीला मजाच वाटली, कारण बाबा दिवसभर घरी. दोन-तीन महिन्यांनी वाण्याने उधारीची वही बंद केली, तेव्हा मजा संपली. शेजारचे दोघे-तिघे गावाला निघून गेले. बाबाही अधूनमधून साताऱ्याकडे जाऊन शेतात राबून यायचे. पायलीभर ज्वारी घेऊन परत.

गिरणीच बंद म्हटल्यावर तिथला चिंध्यांचा गठ्ठाही बंद. मग आई रेडीमेड कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतून कतरण आणू लागली. आता विचार करतो तेव्हा एक गोष्ट खटकते. संपाच्या काळात मुंबईतलं पुष्कळ कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतलं जाऊ लागलं. कारखान्यांतही बहुतेक तेच येत असणार. म्हणजे बाबांचं काम ज्या मागांवर गेलं, त्यांच्याच चिंध्या आई गोळा करत होती.

आणि विकायची जबाबदारी माझी. दादरला एक दुकानदार नगाला चार रुपये देई. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दप्तरातली पुस्तकं घरी काढून त्यात सहा-सात पायपुसणी कोंबायचो. एकदा दुकानाच्या दारातच वर्गातला एक मुलगा त्याच्या आईबरोबर भेटला. त्याच्या आईने नेमकं आमचंच पायपुसणं हातात घेतलं होतं. "छान आहे नाही? कोण करतं हो?" तिने विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला काय माहीत?" आणि दप्तर पाठीमागे लपवलं.

एवढंच. कुणी मला रागावलं नाही, कुणाला कळलंही नाही. पण एक्केचाळीस-बेचाळीस वर्षं ते वाक्य माझ्याबरोबर आहे.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. १९८३ च्या अखेरीस बाबांना एका सहकारी पतपेढीत शिपायाची नोकरी लागली आणि पायपुसण्यांचं काम थांबलं. आईने गोळे बांधून माळ्यावर टाकले आणि साखळी-खांबाचा विषय संपला.

आता नरसापूरकडे येतो. योगायोग असा, की त्याच १९८२ साली मारिया मिस या जर्मन अभ्यासिकेचं नरसापूरच्या लेसवालींवर पुस्तक प्रसिद्ध झालं. तिने काय दाखवलं? या बायका दिवसाचे कितीतरी तास क्रोशा करतात, त्यांची लेस परदेशात विकली जाते, व्यापारी श्रीमंत होतात. पण सगळे, अगदी त्या बायकासुद्धा, या कामाला फावल्या वेळचा उद्योग म्हणतात. त्या गृहिणी ठरतात, कामगार ठरत नाहीत. आणि कामगार नाहीत म्हटल्यावर मजुरीचा, तासांचा प्रश्नच कोण काढणार?

हे वाचलं आणि मला महिन्यापूर्वीचा प्रसंग आठवला. ऑपरेशनच्या आधी आईचा फॉर्म भरत होतो. 'व्यवसाय' या रकान्याशी थांबून विचारलं, "काय लिहू?" आई म्हणाली, "काय लिहिणार? मी कुठं काय केलंय? घरीच तर होते." मी 'गृहिणी' लिहून मोकळा झालो!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. पुढे ते प्रमाण घसरत गेलं आणि बायका गिरणीतून घरात आल्या. घरात आल्या म्हणजे काम थांबलं असं नाही. कुणी खानावळ चालवली, कुणी पापड लाटले, कुणी चिंध्या विणल्या. खानावळवाल्या बायकांना एकत्र आणायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, म्हणून त्यांची निदान नोंद तरी आहे. चिंधीवालींची कोण ठेवणार?

आईने ठेवली होती. गेल्या आठवड्यात माळा आवरताना माझीच इयत्ता चौथीची गणिताची वही सापडली. मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलने आईचं अक्षर. तारीख, नग, रुपये. फेब्रुवारी १९८२ पासून डिसेंबर १९८३ पर्यंत, तेवीस महिने. मी रात्री बसून बेरीज केली. एकूण नग ६११. चाराने गुणून २,४४४ रुपये. महिन्याला सरासरी शंभरावर सहा. बाबांचा शेवटचा पगार होता सहाशे चाळीस. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा या 'काही न करणाऱ्या' बाईने आणला, आणि बाबा शून्यावर असताना आणला. एका नगाला तीन तास धरले तर १,८३३ तास होतात. आठ तासांच्या पाळ्या केल्या तर २२९ भरतात. तेही स्वयंपाक, नळावरचं पाणी आणि आम्हा तिघांच्या शाळा सांभाळून.

वहीत एक ओळ वेगळी आहे. ऑगस्ट १९८३, गौरींच्या आधी. नगांपुढे लिहिलंय: "घरचे २". त्याचा अर्थ मला लागेना. ताईला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अरे, त्या महिन्यात कतरण मिळालीच नव्हती. आईने तिच्या दोन साड्या फाडल्या. एक हिरवी इरकली होती, आजीने दिलेली. मी शाळेतून आले तेव्हा तिने काठ तेवढे वेगळे काढून ठेवले होते."

मी ते दप्तरातून नेलं असणार. चार रुपये नगाने.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन आईसमोर बसलो. बेरीज वाचून दाखवली. तिला ६११ चं विशेष काही वाटलं नाही. म्हणाली, "जास्त असतील. चाळीतल्या बायकांना दिलेली लिहिली नाहीत." इरकलीचा विषय काढला तर म्हणाली, "विरलीच होती ती." मग मी दादरच्या दुकानातली गोष्ट सांगितली, आयुष्यात पहिल्यांदा. माझा आवाज थोडा कापला असावा. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आरं, मला ठाऊक होतं. त्या दुकानदारानंच सांगितलं पुढच्या खेपेला. म्हणूनच त्यानंतरची दोन महिने मी पाठवत होते ताईला."

मला तर वाटत होतं की माझी परीक्षा जवळ आली होती म्हणून!

असो. पुढच्या तपासणीला परत फॉर्म मिळाला तेव्हा मी 'व्यवसाय' समोर 'विणकर (निवृत्त)' असं लिहिलं. आईने नव्या डोळ्यांनी ते वाचलं आणि म्हणाली, "खोटं लिहू नको, उगाच काही अडकेल." मी खोडलं नाही.

सध्या मी स्वतः शिकतोय. आईच्या दोन विरलेल्या सुती साड्या तिच्या परवानगीने फाडल्या. काठ वेगळे काढून ठेवलेत. बाबांनी घासलेला आकडा अजून शाबूत आहे, धरायच्या जागी गुळगुळीत झालाय. आठ फेऱ्या झाल्या आहेत. काल आईने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, डोक्यावर ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "टोपी झालीय. पाचव्या फेरीपासनं उसव."

आज उसवायला बसणार आहे. भाचीला पाठवायचं आहे, त्यामुळे कडेला घर चुकलेलं चालणार नाही.